विहीणबाईंबरोबर दमणला

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

जेवताना निषादनं सांगून टाकलं — आई, बुधवारी तू आणि जान्हवीच्या आई दमणला चाललाय, तिकिटं काढलीत, खोली ठरलीय, शनिवारी परत. मी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. दमणला? कशाला? आणि विहीणबाईंबरोबर? निषाद-जान्हवीचं लग्न होऊन तीन वर्षं होत आली, अजून आम्हा दोघींचं बोलणं 'कशा आहात, बऱ्या आहात ना' याच्या पुढे गेलेलं नाही. सणाला येतात, खण-नारळ होतो, चहा होतो, जातात. बस.

सुनेकडे बघितलं. ती ताटात बघत म्हणाली, आईची फार दिवसांची इच्छा आहे — समुद्राकाठचं तटबंदीचं गाव बघायचंय. बाबा येत नाहीत म्हणतात. एकटी कशी जाईल?

म्हणजे मी राखणीला! शाळेतून रिटायर झाले खरी, पण लोकांच्या आया सांभाळायची नोकरी धरलेली नाही मी.

जायचंच असतं तर गणपतीपुळ्याला नसते गेले? जिंतूरच्या शाळेत उभं आयुष्य मुलांकडून घोकून घेतलं — पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच. आता त्यांची घरं बघत हिंडू? हे गेल्यावर तिकडचं घर बंद करून इथे बावधनला लेकाकडे आले, ती काय अशी पार्सलसारखी कुठेही धाडायला?

निषादला म्हटलं, मला नाही जायचं. तो म्हणाला, जा गं, तेवढाच बदल. आणि मोबाईल बघायला लागला. झालं!


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळ्या सोसायटीला कळलंय. गेटवरचा कैलास म्हणतो, काकू, दमणला निघालाय म्हणं, आमची पण आठवण ठेवा. आणि अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवतो! मी त्याच्याकडे बघितलंही नाही. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ — चांगले नातवंडं असलेले — त्यांनी तर मला एका बाटलीचं नावच सांगितलं. तिकडे स्वस्त मिळते म्हणे.

माझ्या पांढऱ्या केसांकडे तरी बघा म्हणावं!


सोमवार, १० फेब्रुवारी

विहीणबाईंचा फोन. दशम्या करू का धपाटी? मी म्हटलं, काही करू नका, गाडीत सगळं मिळतं. त्या म्हणाल्या, मग दोन्ही करते.


बुधवार, १२ फेब्रुवारी. दमण.

पोचलो एकदाच्या. खोलीला ओलसर वास आहे. विहीणबाई पांघरुणात शिरताक्षणी झोपल्या — घोरतायत. म्हणून लिहायला मिळालं.

गाडीतला सगळा वेळ माझी मान खाली. विहीणबाई, म्हणजे शारदाबाई, घोटावड्याच्या, पिरंगुटच्या पुढचं गाव. त्यांचे यजमान जनार्दनराव उरवड्याच्या कारखान्यात होते, आता घरची भातशेती बघतात. माणसं वाईट नाहीत, मी तसं म्हणत नाही. पण रिझर्वेशनच्या डब्यात लसणाच्या चटणीचा डबा उघडायचा? समोरच्या बाईला धपाटं, तिच्या नवऱ्याला धपाटं, वर बर्थवर झोपलेल्या पोराला हलवून धपाटं! आणि सगळ्यांना माझी ओळख — "ह्या माज्या ईनबाई. शाळंत मास्तरीन व्हत्या. लई शिकलेल्या हायेत." मी खिडकीबाहेर बघत होते.

वापीला उतरून रिक्षा केली. दमणची कमान लागली तशी दोन्ही बाजूंनी दारूची दुकानं — औषधांच्या दुकानांसारखी उजेडात, काचेची. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. आता यालाही तेच वाटतंय!

हॉटेलच्या काउंटरवर तर हद्द झाली. ओळखपत्रं बघितली, आमच्या मागे दाराकडे बघितलं, आणि विचारतो, जेंट्स कोई नहीं साथ में? मी म्हटलं, कमरा हमको चाहिए, जेंट्स को नहीं. त्यावर विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना तिथल्या सोफ्यावर बसावं लागलं.

मी नाही हसले. आलं होतं, दाबलं.


गुरुवार, १३ फेब्रुवारी. दमण.

नदीच्या अलीकडे नानी दमण, पलीकडे मोटी दमण. तटबंदीचं गाव म्हणतात ते पलीकडचं. पूल ओलांडून गेलो. तट मात्र खरा — काळा, जाड, खंदकासकट. वेशीच्या दरवाजावर दगडात कोरलेली चिन्हं आहेत. मनात म्हटलं, चला, काहीतरी दिसलं.

आत गेलो तर काय? सरकारी कचेऱ्या! तटाच्या आत अख्खं शहर होतं म्हणून वर्गात सांगत आले मी, आणि आत पाट्या लावलेल्या इमारती, स्कूटरी, चहाची टपरी, फाइली घेतलेले शिपाई. मधूनच एखादं रिकामं घर — उंच खिडक्या, लाकडी झडपा, अंगणात पालापाचोळा. तेवढं बघायला इथवर यायचं? तटात मोठमोठी झाडं रुजलीत, कुणी काढत नाही. एका बुरुजावर पोरांनी बदाम काढून नावं लिहिलीत. त्यांचे मास्तर कोण होते, बघायला पाहिजे!

चर्चमध्ये विहीणबाई दारातच चपला काढून गेल्या. मी सांगितलं, इथे काढत नाहीत. त्या म्हणाल्या, देवाचं हाय न्हवं. आत लाकडाची कोरीव वेदी आहे, सोन्याचा मुलामा दिलेली. ती सुंदर आहे — कबूल. मी बघून बाहेर आले तरी या आतच. बऱ्याच वेळानं डोकावले तर मागच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेल्या. मला वाटलं थकल्या.

बाहेर कठड्यावर फ्रॉक घातलेली एक म्हातारी बसली होती. तिच्याशी यांचं लगेच जुळलं. ती गुजरातीत, या मावळीत. तिची मुलं विलायतेला गेलीत, घरात ती आणि एक मांजर, एवढं मलाही समजलं. विहीणबाई तिला विचारत होत्या — सुना कशा हायेत तुज्या? मी म्हटलं, चला, ऊन झालं. अनोळखी बाईला कुणी सुना विचारतं?

समुद्र म्हणाल तर तोही पळालेला. ओहोटीला पाणी पार लांब, मधे नुसता चिखल. यासाठी आलो!


शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दमण.

लिहिणार आहे, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी विहीणबाई म्हणाल्या, पुन्हा तटावर जाऊ, समुद्राकडच्या बाजूला बसू. मी म्हटलं, काल बघितला ना. म्हणाल्या, बसायला जाऊ. गेलो. भरती होती, पाणी तटाखालच्या दगडांपर्यंत आलं होतं. वारा होता. मला बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली.

जुलैतली गोष्ट. निषाद आणि जान्हवी रविवारी ताम्हिणीला धबधबे बघायला गेले होते — ते मला माहीत आहे, मीच घाटात खायला शंकरपाळे बांधून दिले होते. परतताना गाडीत शब्दाला शब्द लागला. ऑफिसच्या कामासाठी ती नाशिकला जायचं कबूल करून आली होती, याला आधी न विचारता. विहीणबाई म्हणतात, यानं घाटात गाडी थांबवली आणि उतर म्हणाला. तिला वाटलं, तोही उतरेल. ती उतरली तसा हा गाडी घेऊन गेला. तिची पर्स गाडीत, मोबाईल गाडीत. ताम्हिणीचा जुलैतला पाऊस! ती चालत एका धाब्यापर्यंत आली. धाब्यावरच्या सगुणाबाईच्या फोनवरून आईला कळवलं. जनार्दनराव शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन तिला आणायला गेले.

आणि एवढंच नाही म्हणे. मनासारखं झालं नाही की निषाद तिच्याशी बोलतच नाही. एक-दोन दिवस नाही — आठवडेच्या आठवडे. ती समोर उभी असली तरी भिंत असल्यासारखा बघतो. दिवाळीपासून ती चारदा माहेरी येऊन रडून गेली.

मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, माझा मुलगा असा नाही. एका बाजूचं ऐकून असं बोलू नये. आणि यासाठी मला इथे आणलंत? परक्या मुलखात, एकटीला गाठून? घरी येऊन सांगायला काय झालं होतं?

त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "घरात सांगितलं असतं, तर तुमी तितल्या तितं त्याला हाक मारली असती. आन् मग माजी पोरगी तोंड मिटून बसली असती."

मी उठले आणि चालायला लागले. डावीकडे गेले, त्या उजवीकडे दीपगृहाच्या बाजूला. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. तटाच्या कडेकडेनं चालत राहिले. रागात पाय कुठे दुखतात! काय समजतात स्वतःला? आपली पोर सांभाळता येत नाही आणि दुसऱ्याच्या लेकावर चिखल? कचेऱ्या गेल्या, चर्च गेलं, ती म्हातारी कठड्यावर होती, तिनं हात केला, मी नाही केला. आणि वळसा घालून वेशीपाशी येते, तर समोरून विहीणबाई येतायत! तट गोल फिरलेला. जाणार कुठे? बाहेर पडायचा रस्ता तोच. एकाच रिक्षात बसून आलो. रिक्षावाल्यानं विचारलं, कैसा लगा किल्ला. मी म्हटलं, सीधा चलो.

— संध्याकाळ.

विहीणबाई खाली समुद्राकडे गेल्यात. निषादला फोन केला. सगळं विचारलं. तो हसला. म्हणाला, "आई, ती स्वतःहून उतरली गाडीतून. त्या लोकांना नाटकं करायची सवय आहे. तू लक्ष देऊ नकोस, मजा कर."

बघा! स्वतःहून उतरली! हे नाही सांगितलं विहीणबाईंनी. किती मोकळं वाटलं. येऊ देत वर, तोंडावर सांगते.

— त्या आल्या. मी काही सांगितलं नाही.

एक गोष्ट टोचतेय. त्या रविवारी संध्याकाळी निषाद एकटाच घरी आला होता. मी विचारलं, ही कुठंय? तर म्हणाला, कणकण वाटत होती, तिच्या आईकडे सोडून आलो. वांग्याची भाजी केली होती. दोनदा मागून घेतली त्यानं. छान झालीय म्हणाला.

मग घाटात उतरली हे खरं, की आईकडे सोडलं हे खरं?


शनिवार, १५ फेब्रुवारी

परतीच्या गाडीत विहीणबाईंनी डबा उघडला नाही. कुणाला माझी ओळखही करून दिली नाही. मला त्याचाही राग आला — का आला कोण जाणे.

पुणे जवळ आल्यावर त्या एवढंच बोलल्या. "तुमास्नी दोष द्याया न्हाई नेलं म्या. जान्हवी तुमास्नी मनापासनं आई म्हनती. म्हनून आदी तुमच्या कानावर घातलं. पुढच्या रविवारी आमी तिला न्यायाला येनार हाय. कायमची."

कायमची! हे असं सांगायचं? स्टेशन आल्यावर?

मी म्हटलं, खोटं निघालं तर? त्या म्हणाल्या, मग माझ्या दारात पाय ठेवू नका.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज मी घरात नुसती बसून होते आणि ऐकत होते.

सकाळी: "आई, हिला सांग, निळा शर्ट इस्त्रीला टाक." जान्हवी हाताच्या अंतरावर उभी. दुपारी: "आई, हिला विचार, गाडीची किल्ली कुठंय." ती म्हणाली, टेबलावर. तो माझ्याकडे बघत थांबला! मी 'टेबलावर' म्हटल्यावर मग उठला. मला आजवर वाटायचं, ही यांची थट्टा असते. नवराबायकोची लाडीगोडी. काल-परवापर्यंत मी हसत हसत निरोप पोचवत होते.

कुणी दिली ही टपालाची नोकरी मला? माझ्या तोंडानं हा तिला मुकी करतो! माझ्याच तोंडानं!

जान्हवी मात्र भाजी चिरत म्हणाली, आई, दमण कसं होतं? मी म्हटलं, समुद्र बरा होता.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

ताम्हिणीला जाऊन आले. एकटी. घरी सांगितलं, कोथरूडला मैत्रिणीकडे चाललेय. या वयात खोटं बोलून घराबाहेर पडायची वेळ आणली यांनी माझ्यावर!

चांदणी चौकातून एस.टी. धरली. पौड गेलं, धरणाचं पाणी लागलं, मग घाट. आता सगळं वाळलेलं — पिवळं गवत, उघडे कातळ. पण रस्त्याला वळणं बघितली. दोन्ही बाजूंना रान. घर नाही, दार नाही. भर पावसात, ढग खाली उतरलेले असताना इथे कुणाला उतरवायचं म्हणजे काय, ते खिडकीतूनच कळलं. 'स्वतःहून उतरली' — इथे? पर्स गाडीत ठेवून?

तरीही मनात होतं, सगुणाबाई म्हणून कुणी नसेलच. नसूदे, असंच म्हणत होते. देवा, नसूदे.

कंडक्टरनं धाब्यापाशी सोडलं. पत्र्याची शेड, मातीची चूल, बाहेर दोन बाकडी. गिऱ्हाईक नव्हतं. बाई मिरच्या निवडत होती. मी चहा सांगितला आणि विचारलं. जुलैत एक मुलगी आली होती का, भिजलेली, पुण्याची?

तिनं मिरच्या बाजूला केल्या. म्हणाली, "आलती की. इसरंन कशी? एका पायात चप्पल, एक कुटं वाहून गेलती. दात वाजत व्हते तिचं. चुलीपाशी बसवलं, माजं लुगडं दिलं नेसाया. दोन वेळा विचारलं कोन तुजं, तर नाव सांगीना पोर."

मी विचारलं, तिला न्यायला कोण आलं?

"बाप आला. टेम्पो घेऊन."

तिचा नवरा — तो नाही परत फिरला?

तेव्हा ती माझ्याकडे नीट बघायला लागली.

"आला की. बापाच्या आदी आला. गाडी हितं, ह्या दगडापाशी हुबी केली. काच खाली घेतली, आत बघितलं. म्या म्हनलं, ऊठ पोरी, आला बघ न्यायाला. ती उठली, दारापत्तुर गेली. त्यानं बघितलं तिला. काच वर केली आन् गेला निगून."

चुलीवर चहा उतू गेला. तिनं भांडं उतरवलं.

हे विहीणबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतच नसणार. पोरीनं आईलासुद्धा सांगितलेलं नाही. सोडून जाणं रागातलं म्हणता येईल. डोकं फिरलं, पाय पडला ॲक्सिलेटरवर, पुढे जाऊन भानावर आला — असं काहीतरी मी एस.टी.त बसून जुळवत होते. पण हा परत आला! शांत डोक्यानं आला! ती उठून दारात आलेली बघितली, आणि काच वर केली!

आणि मग घरी येऊन दोनदा भाजी.

सगुणाबाईनं विचारलं, तुमी कोन तिच्या? मी म्हटलं, सासू.

तिनं चहा पुढे ठेवला. "मंग तवा कुटं व्हता तुमी?"

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हय का, म्हणाली. पुन्हा मिरच्या घेऊन बसली.


बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल. तिघंही घरात. आज विचारायचंच ठरवलं होतं.

निषाद सोफ्यावर होता. मी समोर खुर्ची ओढली. म्हटलं, ताम्हिणीला जाऊन आले. सगुणाबाईला भेटले. तिला उतरवलंस, ते राहू दे. परत आलास, ती दारात आलेली बघितलीस. मग घेतलं का नाहीस?

वाटलं होतं, नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर मी आई आहे, मी कदाचित पुन्हा विश्वास ठेवला असता. पण तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "तिला कळायला हवं होतं."

"काय कळायला?"

"मी नसलो तर काय होतं ते."

असं बोलला. सरळ. हा मी वाढवला! तापात रात्ररात्र छातीवर घेऊन बसले ते लेकरू हे! मी म्हटलं, तू नव्हतास, तर एका अनोळखी बाईनं तिला लुगडं दिलं आणि बापानं घरी नेलं. काय झालं, तर हे झालं. त्यावर तो उठला. नवराबायकोच्या मध्ये पडू नकोस म्हणाला. तुम्हा दोघींना एकत्र पाठवलं हीच चूक झाली म्हणाला. दार आपटून गेला.

जान्हवी स्वयंपाकघराच्या दारात होती. सगळं ऐकलेलं. मी तिच्यावरही चिडले — हो, चिडले! एका घरात राहतो, ताटाला ताट लावून जेवतो, मला सांगता आलं नाही?

ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही त्यालाच विचारलं असतंत. आणि त्यानं जे सांगितलं असतं, ते तुम्हाला पटलं असतं."

दमणला हॉटेलच्या खोलीत नेमकं हेच नाही का झालं?

मी म्हटलं, तू थांब, मी त्याला सरळ करते. तिनं मान हलवली. थकून गेलेय आई, म्हणाली. रविवारी जाते. तुम्हाला अधूनमधून फोन केला तर चालेल ना?

चालेल ना, विचारते! मला!


गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळपासून निषाद माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवला, उचलला नाही. मी समोर बसलेली असताना जान्हवीला म्हणाला, "आईला सांग, मला यायला उशीर होईल."

जान्हवीनं सांगितलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजही तेच. मी हाक मारली तर कानात ते मोबाईलचं बोंडूक घालून पुढे गेला. पॅसेजमध्ये मला वळसा घातला — खांबाला घालतात तसा. दोनच दिवस झाले, तर माझा घास खाली उतरत नाही. ही पोर आठवडेच्या आठवडे कशी जेवली असेल? ऑफिसात कशी हसली असेल? माझ्या पायाला तेल कसं चोळलं असेल?

संताप, संताप होतोय नुसता. कुणावर म्हणून लिहू!

दुपारी विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, खरं निघालं. मला वाटलं, आता ऐकवतील. म्हणाल्या, जेवलात का?


शनिवार, २२ फेब्रुवारी

जान्हवीनं तिची कपाटं आवरली. माझीही साड्यांची घडी घालून दिली, उगाच. संध्याकाळी निषाद मित्राकडे गेला. जाताना मी दारात उभी राहिले, म्हटलं, उद्या ती चाललीय, तुला काही बोलायचंय का तिच्याशी? अजून वेळ आहे. माझ्याशी नको, तिच्याशी बोल.

तो लिफ्टचं बटण दाबत राहिला.


रविवार, २३ फेब्रुवारी. घोटावडे.

सकाळी जान्हवीला न्यायला तिचे आई-बाबा आले. दारात तिच्या बॅगांशेजारी एक जुनी सुटकेस बघून विहीणबाईंनी विचारलं, ही कुणाची?

मी म्हटलं, माझी.

त्यांनी सुटकेस उचलली आणि लिफ्टकडे चालायला लागल्या.